तीनच्या पुढे खूण नाही

१५ सप्टेंबर. अभियंता दिन. संध्याकाळी.

नांदेडहून परत उमरीला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि ही डायरी मिळाली. डायरीवर कुठल्यातरी सिमेंटची जाहिरात आहे, तिच्यावर स्टिकर लावला. आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसांच्या डायऱ्या नंतर कुणाला तरी सापडतात. माझी सापडू नये म्हणून कपाटात बनियनांखाली ठेवणार.

सत्कार माझ्या मिस्ड कॉल प्रणालीचा होता. प्रणाली अशी. बोरतळी धरण उमरीपासून अठरा किलोमीटर. धरण मातीचं, आणि मातीचं धरण थोडं पाझरतंच. ते पाणी पायथ्याच्या नालीत जमा होतं आणि पत्र्यात कापलेल्या एका तिकोनी खाचेतून पुढे जातं. खाचेत पाणी किती सेंटिमीटर आहे हे चौकीदाराने रोज सकाळी सातला बघायचं, रजिस्टरात लिहायचं, आणि सात-दहाला माझ्याकडच्या ऑफिसच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचा. एक मिस्ड कॉल म्हणजे सर्व ठीक. दोन म्हणजे पाणी वाढलं. तीन म्हणजे पाणी गढूळ. फोन कुणीही उचलायचा नाही. त्यामुळे शासनाचा वेळ वाचतो आणि माझी झोप फक्त एका रिंगेपुरती मोडते.

अकरा मिनिटं बोललो. चौकीदार भीमाचं नाव घ्यायचं राहून गेलं. तो ९ तारखेला वारला. सकाळी धरणावरच छातीत कळ आली. अंत्यविधीला जाणार होतो, पण आढावा बैठक होती. बैठक रद्द झाल्याचं दुपारी कळलं, तोवर उशीर झाला होता.

संकल्प: पावसाळ्यानंतरचा तपासणी अहवाल १० ऑक्टोबरच्या आत. धरणाला वर्ग तीन. वर्ग तीन म्हणजे किरकोळ दोष, गवत-बिवत. वर्ग दोन म्हणजे दुरुस्ती लवकर करा. वर्ग एक म्हणजे धरण धोक्यात. आमच्याकडे वर्ग एक लागला की दुरुस्ती संपेपर्यंत शाखा अभियंत्याची बदली थांबते, आणि माझी लातूरच्या बदलीची फाइल शेवटच्या टेबलावर आहे. मुलीची, आरतीची, बारावी आहे. बायको, ऋतुजा, तिकडे एकटी सगळं बघते. दिवाळीला मी लातुरात, सामानासकट.

उद्या धरणावर समक्ष जाणार. तीन वर्षांत जाणं झालं नाही हे खरं. पण नकाशा तोंडपाठ आहे.

१६ सप्टेंबर. सकाळी ७.१०.

फोन वाजला. एक रिंग. बंद.

स्क्रीनवर 'भीमा धरण'.

७.४०. चहा घेतला. हात स्थिर आहे. वरचं अक्षर हललंय ते पेनामुळे.

शास्त्रीय विचार केला. माणूस गेला की कंपनी त्याचं सिम दुसऱ्याला देते. सात दिवसांत देते का ते माहीत नाही. ज्याला दिलं तो बरोबर सात-दहालाच मला मिस्ड कॉल का देईल तेही माहीत नाही. दोन गोष्टी माहीत नसल्या म्हणून सिद्धांत चुकत नाही.

धरणावर जाणं झालं नाही. टायरमध्ये हवा कमी होती.

१७ सप्टेंबर. मुक्तिसंग्राम दिन.

आमच्या ऑफिसचं झेंडावंदन सातला असतं, म्हणजे मोठ्या साहेबांना नांदेडचा मुख्य कार्यक्रम गाठता येतो. राष्ट्रगीत चालू असताना खिशात एक रिंग. हलता येईना. घाम थेट मोज्यांपर्यंत.

शेजारी आमचा क्लार्क हरिओम उभा होता. नंतर त्याने हळूच विचारलं, कोणाचा फोन व्हता? मी स्क्रीन दाखवली. त्याने झेंड्याकडे बघून हात जोडले. मग म्हणाला, भीमा इमानदार माणूस, साहेब. ड्युटी सोडणार न्हाई तो. वर म्हणाला, उचलू मात्र नका. उचलला की हाव म्हणावं लागतं, आन् हाव म्हणलं की संगं जावं लागतं.

मी अभियंता आहे, असल्या गोष्टी मानत नाही, असं त्याला सांगितलं. मात्र प्रणालीतसुद्धा फोन उचलायचा नाही असंच लिहिलं आहे. म्हणजे मी फक्त नियम पाळतोय.

१९ सप्टेंबर.

रोज सात-दहा. रोज एक.

नंबर ब्लॉक करावा का? करता येत नाही. सत्काराच्या पुस्तिकेत प्रणाली 'अखंडित सुरू' असं छापलेलं आहे.

खोलीतला नळ गळतो. याआधी गळत नव्हता, किंवा गळत असेल तर मी ऐकत नव्हतो. आता सहा वाजल्यापासून जागा असतो, म्हणून ऐकू येतो. तोटीला सुतळी बांधली. सुतळीवरून पाणी ओघळतं, त्याचा आवाज येत नाही. पण आवाज येत नाही हेही लक्षात राहतं.

२२ सप्टेंबर.

एक गोष्ट लिहून मोकळा होतो. ऑगस्टमध्ये भीमाने एकदा मिस्ड कॉल न देता पूर्ण फोन केला होता. प्रणालीच्या विरुद्ध. तरी मी मोठ्या मनाने उचलला. म्हणाला, साहेब, एकडाव येऊन बगा. खाचंच्या वरल्या अंगाला जमीन वली होऊन ऱ्हायली, पाय रुतायलाय. मी म्हणालो, उद्या येतो.

ऑफिसातला 'उद्या' कसा घ्यायचा असतो, हे बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मी काय शिकवणार?

आज हे का आठवलं कळत नाही. पित्त असेल.

२६ सप्टेंबर. सकाळी ७.१०.

दोन.

७.११. दोनच. तिसरा आला नाही. फोन टेबलावर उलटा ठेवला, मग सुलटा ठेवला, मग त्याच्यावर टॉवेल टाकला.

प्रणालीप्रमाणे दोन म्हणजे पाणी वाढलं. पण प्रणाली जिवंत चौकीदारासाठी केलेली आहे. नवीन चौकीदाराची मागणी १० तारखेलाच वर पाठवली. माझ्या बाजूने काही बाकी नाही.

१ ऑक्टोबर.

सकाळी ऑफिसात बसलो असताना एसटीचा कंडक्टर आला आणि धरणाचं रजिस्टर ठेवून गेला. दर महिन्याला असंच येतं, सही होऊन असंच परत जातं. भीमा फाट्यावर कंडक्टरच्या हातात द्यायचा. मी विचारलं, कुणी दिलं? कंडक्टर म्हणाला, फाट्यावरच्या दगडावर ठिवलेलं असतंय, मी उचलतो.

उघडलं. ९ सप्टेंबर, खाच सहा. १० तारीख कोरी. ११, सहा. १२, सहा. तिथून थेट ३० पर्यंत एक दिवस चुकलेला नाही. सहा, सात, सात, आठ, नऊ.

अक्षर तेच. तोच मोडका सात. तोच नऊ, शेपटी ओळीच्या खाली गेलेली. पानांना बिडीचा वास.

हरिओमने रजिस्टर बंद केलं, त्याच्यावर पेपरवेट ठेवलं, आणि पेपरवेटवर गणपतीचं कॅलेंडर. मी त्याला रागावलो. कॅलेंडर तसंच राहू दिलं.

खाली माझी सही करायची असते, 'तपासले'. तीन वर्षं न चुकता केली आहे. आजही केली.

२ ऑक्टोबर. लातूर.

सुट्टी. फोन घरी नेला, कारण तो सरकारी आहे आणि सरकारी वस्तू बेवारस ठेवता येत नाही. सकाळी सातला तांदळाच्या डब्यात ठेवला. सात-दहाला डबा दोनदा कुरकुरला. आरती अभ्यास करत होती, तिने बघितलं.

ऋतुजाला सगळं सांगावं लागलं. ती शांतपणे म्हणाली, मग उचला ना फोन. मी हरिओमचं म्हणणं सांगितलं, अर्थात त्याचं म्हणणं म्हणून. ती म्हणाली, नाहीतर धरणावर जाऊन या. मी म्हणालो, जाणारच आहे. ती म्हणाली, तुम्ही दिवाळीला इकडं येणार आहात तसं का?

दोन्हींचा काय संबंध ते समजलं नाही. आरतीने तांदूळ निवडताना विचारलं, बाबा, पाणी किती वाढलंय? अभ्यासात लक्ष दे म्हणालो.

६ ऑक्टोबर.

धरणावर गेलो. लिहून ठेवतो: गेलो.

मोटारसायकलने निघालो. भर बारा वाजता, कारण त्या वेळी उजेड भरपूर असतो. कालव्याच्या पुलापर्यंत पोचलो. तिथून धरण पूर्ण दिसतं, साधारण दीड किलोमीटर. लांबच लांब मातीचा बांध, एका टोकाला दगडी सांडवा, त्याच्यावरून जादा पाणी जातं. पलीकडे तलाव काठोकाठ. नकाशाप्रमाणेच आहे.

पायथ्याशी कुणीतरी वाकलेलं होतं. खाकी शर्ट.

भीमाचा शर्ट असाच होता. खिशाला पांढरा बिल्ला, तो उन्हात चमकला. शर्टाखाली काहीतरी हिरवं, बहुधा गवत. पाय दिसले नाहीत. मी बराच वेळ पायच शोधत होतो.

ती आकृती सरळ झाली आणि पुलाकडे तोंड करून उभी राहिली. मग तिने हात वर केला.

परत आलो. येताना गाडी कशी चालवली ते आठवत नाही. तपासणीची नोंद: धरणाचे दुरून निरीक्षण केले, समाधानकारक. पायथ्याशी गवत वाढले आहे, काढावे.

८ ऑक्टोबर.

अहवाल पूर्ण. चौऱ्याऐंशी रकाने, दोन तासांत. अनुभव लागतो. गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवायचा आणि तारीख बदलायची. गेल्या वर्षीचा मीच लिहिला, त्याच्या आधीच्या वर्षीचा बघून. तो त्याच्या आधीच्याचा. हरिओमने जुने गठ्ठे काढून दिले. एकोणीस वर्षं 'सांडव्यात एक म्हैस बसलेली आढळली, हटविण्याच्या सूचना दिल्या' अशी नोंद आहे. म्हैस मीही ठेवली. इतक्या वर्षांची नोंद काढायची तर कारण द्यावं लागतं.

रकाना २३, पाझराचं पाणी: सहा सेंटिमीटर, स्वच्छ. रजिस्टरात शेवटी नऊ आहे याची जाणीव आहे. पण ९ सप्टेंबरनंतरच्या नोंदी मयत व्यक्तीच्या अक्षरात आहेत. त्या ग्राह्य धरता येत नाहीत.

रकाना ६१, धरणाखाली वस्ती: निरंक. पहिल्या वर्षापासून हेच आहे. धरण बांधताना बोरतळी गाव उठवलं होतं. काही लोक परत येऊन खालच्या अंगाला राहिलेत असं ऐकतो. ऐकीव माहिती रकान्यात भरता येत नाही.

वर्ग: तीन. सही.

सही करताना पेन अडकलं. दुसऱ्या पेनाने केली.

११ ऑक्टोबर. सकाळी ७.१०.

तीन.

दोन रिंगांच्या मध्ये थोडा वेळ जातो. तो वेळ मोठा असतो.

७.३०. तीन म्हणजे गढूळ. पाझराचं पाणी स्वच्छ असेल तर कितीही येऊ द्या. गढूळ आलं म्हणजे ते धरणाच्या पोटातली माती बरोबर घेऊन येतंय. पहिल्या वर्षाला शिकवतात. आतून वाट पडत जाते, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एकाच दिवशी दिसतं.

हे भुताला कसं माहीत? भीमाला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, फोनवर.

दुपारी हनुमान मंदिरात जाऊन आलो. सहज, वाटेत लागतं.

१२ ऑक्टोबर. सकाळी ७.१०.

तीन.

फोन कपाटात ठेवला, याच डायरीजवळ. हरिओमने लिंबू दिलं होतं तेही ठेवलं. डायरीला लिंबाचा डाग पडला.

१३ ऑक्टोबर.

तीन.

दुपारी ऑफिसात डबा खाऊन जरा डोळे मिटले. भीमा फायलींच्या कपाटाशी उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली. एक बोट दाखवलं. मग दोन. मग तीन. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, चौथं बोट काढावं की काढू नये ते कळत नसल्यासारखा. त्याला कळत नव्हतं याचंच मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि हरिओमने उठवलं. म्हणाला, साहेब, तुमी रडून ऱ्हायले.

घाम होता.

अहवाल उद्याच्या टपालाने नांदेडला जाईल. गेला की सुटलो.

१४ ऑक्टोबर. सकाळी ७.१०.

नाही.

७.१५. फोन चार्ज आहे. रेंज आहे.

७.३०. नाही.

८.००. अठ्ठावीस दिवस हा फोन वाजू नये म्हणून काय काय केलं. आज तो वाजत नाही आणि मला एका जागी बसवत नाही. ऋतुजाला फोन केला आणि सांगितलं, फोन आला नाही. ती म्हणाली, मग अजून घरी काय करताय?

निघालो. लिंबू खोलीवरच राहिलं.

१४ ऑक्टोबर. संध्याकाळी. बोरतळी.

बसून लिहितोय. डायरी पिशवीत आणली होती, कशासाठी ते माहीत नाही.

पूल ओलांडला, धरणाच्या बाजूने कच्च्या रस्त्याने खाली उतरलो. बोरतळी लागलं. ऐकीव माहिती बरोबर होती. गाव आहे. साठ-सत्तर घरं, मंदिर, विहार, पाण्याची टाकी, दळणाची गिरणी. आणि एकही माणूस नाही. दारांना कुलपं. एका ओट्यावर निवडायला घेतलेलं सोयाबीन तसंच पसरलेलं. चुलीत कोमट राख. कोंबड्या मला बघून पळाल्यासुद्धा नाहीत.

गल्लीच्या मधोमध उभा राहिलो. धरणाखाली वस्ती: निरंक. मी लिहिलं होतं अगदी तसं. सहा दिवसांपूर्वी सही केली आणि ते खरं झालं. मला मोठ्याने हाक मारायची होती, पण कुणाच्या नावाने मारणार? या गावातल्या एका मेलेल्या माणसाशिवाय मला कुणाचंच नाव माहीत नव्हतं.

धरणाकडे पळत गेलो. एवढा मी कॉलेजनंतर पळालो नसेन.

पायथ्याशी लोक होते. बायका-पुरुषांची रांग, घमेल्यातून वाळू आणि खडी पुढे जात होती. एका जागी जमिनीतून पाणी उसळत होतं, चहाच्या रंगाचं, आणि त्याच्यावर आधी वाळू मग खडी असा थर पडत होता. पुस्तकात आहे तसाच. पाण्याला वाट द्यायची, मातीला अडवायचं. रांगेच्या टोकाला खाकी शर्ट. तो वळला. शर्टाखाली हिरवं लुगडं होतं.

पारूबाई. भीमाची बायको.

एक म्हातारे शेतकरी पुढे आले, अण्णाराव त्यांचं नाव. त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. बूट होते, तरी नीट बघितलं, पुढून आणि बाजूने. मग तोंडाकडे. मी सांगितलं, शाखा अभियंता, उमरी. ते म्हणाले, ते साहेब व्हय? त्यांची तर नुसती सही येती, माणूस न्हाई येत. आमी समजत व्हतो ते कवाच वारले, आन् सही तेवढी चालू हाय.

पारूबाईंनी रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाल्या, हितं सही करा बरं. केली. त्यांनी मागची पानं उलटून ताडून बघितली. जुळली नाही. हात हलत होता. त्यांनी अण्णारावांना दाखवली. त्यांनीही ताडून बघितली. शेवटी त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, घमेलं तर उचलतील.

दोन तास घमेली उचलली. मधूनमधून त्यांनी जे सांगितलं ते असं. भीमाला दोन वर्षांपासून जवळचं दिसत नव्हतं. म्हणाल्या, ते खाचंवर पट्टी बगून वरडायचे, मी लिवायची. म्हणजे अक्षर तेव्हापासून यांचंच. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं नाही, तिसऱ्या दिवशी लिहिलं, कारण थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सिम तेच, शर्ट तोच. मिस्ड कॉलही त्यांचेच, फक्त रिचार्ज संपला होता म्हणून पहिले पाच दिवस देता आले नाहीत.

मग मी मूर्खासारखं बोलून गेलो की मला वाटलं भीमाच फोन करतोय.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमी बौद्ध, साहेब. आमच्यात भूत-बित मानत न्हाईत.

आज फोन का नाही केला, विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू प्रश्न माझ्यासाठीच होता. म्हणाल्या, तीनच्या पुढं खूण न्हाई ना ठरवलेली. काल सांजच्याला पाण्यासंगं माती वर उसळाय लागली. आता चार वाजवावं का पाच, ते कुठंबी लिवलेलं न्हाई. उचलायचं तर न्हाईच, कायदा हाय म्हणं. म्हून मग म्या गाव उठवलं. लेकरं, म्हाताऱ्या, जनावरं समदी वरल्या शाळंत नेली. वाळू-खडीचं मालकच सांगून गेल्ते.

पारूबाईंकडच्या फोनवरून मोठ्या साहेबांना फोन लावला. चार वेळा वाजून बंद झाला. पाचव्यांदा उचलला. दोन वाक्यं मनात तयार होती. एकात वर्ग दोन होता. वर्ग दोनमध्येही दुरुस्ती होते, आणि बदली थांबत नाही. पारूबाई समोर रजिस्टर उघडं धरून उभ्या होत्या. खाच तेरा. मला आरतीची बारावी दिसत होती, लातूरच्या घराचं दार दिसत होतं, आणि गल्लीतलं ते पसरलेलं सोयाबीन.

वर्ग एक, म्हणालो. तलाव खाली करावा लागेल, आत्ता.

चारला कालव्याचे दरवाजे उघडले. अहवालाचं टपाल सकाळीच गेलं होतं, ते हरिओमने फोनवर सांगितलं.

आत्ता चौकीदाराच्या खोलीत बसलोय. पारूबाईंनी चहा केला. साखर डब्यात गठ्ठा झालेली, चमच्याने फोडावी लागली. म्हणाल्या, ऑगस्टमधली हाय. तुमी उद्या येतो म्हणलं व्हतं ना, म्हून त्यांनी उमरीहून आणून ठिवली. आमी दोघं बिनसाखरंचाच पितो. कोणाला हात लावू दिला न्हाई.

चहा संपवला. गोड होता. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरामुळे म्हणणार होतो. पण इथे गॅस आहे.

१७ ऑक्टोबर.

तलाव दोन मीटर उतरला. खाच नऊ. पाणी निवळतंय. गाव परत घरी. धरण टिकलं. मी टिकवलं असं लिहिणार होतो, पारूबाई समोरच बसल्या आहेत.

तपासणी पथक आलं. त्यांच्या हातात माझा ८ तारखेचा अहवाल. वर्ग तीन. त्यांनी फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, म्हैस दाखवा.

अण्णाराव म्हणाले, ती माझीच व्हती साहेब. पंधरा वर्सं झाली मरून.

पथकातल्या सगळ्यात तरुण इंजिनिअरने ते लिहून घेतलं. अक्षर छान होतं तिचं.

२४ ऑक्टोबर.

दिवाळी इथेच झाली. ऋतुजा आणि आरती फराळ घेऊन एसटीने आल्या. वर्ग तीनच्या अहवालाबद्दल कारणे दाखवा नोटीस आली आहे, तिचं उत्तर लिहायला ऋतुजाने मदत केली. माझा पहिला मसुदा नऊ पानांचा होता, तिचा चार ओळींचा. तिचा पाठवला.

आरती पारूबाईंबरोबर खाचेवर जाऊन आली. मला म्हणाली, बाबा, फोन उचलायला काय लागतं? उत्तर तयार होतं, ते दिलं नाही.

निघताना ती बसच्या खिडकीतून बराच वेळ हात हलवत होती. आता तिच्या निकालापर्यंत असंच.

१८ नोव्हेंबर. सकाळी ७.००. चौकीदाराची खोली, बोरतळी.

आदेशाप्रमाणे दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत मुक्काम इथेच, पूर्णवेळ देखरेख. खोली मला दिली आहे. पारूबाई गावात राहायला गेल्या, पण सातला येतात. खाच पाच. पाणी स्वच्छ. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. पाचच. लिहिलं. माझा सात त्यांना आवडत नाही, पण आज सात नव्हता.

उमरीला माझ्या खुर्चीवर नवीन साहेब आले आहेत. ऑफिसचा मोबाइल आता त्यांच्याकडे. माझ्या स्वतःच्या फोनला इथे रेंज नाही. भीमाच्या सिमलाच येते.

७.१०. एक मिस्ड कॉल दिला. मग नियम मोडून पूर्ण फोन लावला. प्रणाली बदलायची आहे, तीनच्या पुढची खूण ठरवायची आहे, ते समक्ष बोलायचं होतं. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तसंच.

११.००. कंडक्टरकडून हरिओमची चिठ्ठी आली. नवीन साहेबांनी फोनच्या चार्जरला लिंबू-मिरची बांधली आहे. स्क्रीनवर अजून 'भीमा धरण' येतं. हरिओमने त्यांना सगळं समजावून सांगितलं, पण ते म्हणतात, उगाच जोखीम कामून घ्यायची? मात्र धरणाची त्यांना काळजी आहे. उद्या समक्ष येतो म्हणाले.

साखर आणून ठेवली आहे.